चौदा हजारांचा फरक

दुकानातल्या काचेच्या टेबलावर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडून ठेवले होते. बांधणी एकच, पडदा एकच, रंगही एकच. एकात इंटेलचा आय-५ १३३५यू हा प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी चिप, होता, दुसऱ्यात आय-७ १३५५यू, आणि दोघांच्या किमतीत चौदा हजार रुपयांचे अंतर होते. पुण्याच्या तापकीर गल्लीतले हे दुकान माझ्या जुन्या ओळखीचे असल्यामुळे तिथल्या मुलाने घाई केली नाही. "ताई, बजेट बसत असेल तर आय-सेव्हनच घ्या, पुढची पाच वर्षं बघायला नको," एवढे सांगून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. गेली सव्वीस वर्षे मी अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करते. चौदा हजार म्हणजे माझ्या लेखी दीड-पावणेदोनशे पानांच्या एका पुस्तकाची पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंतची मजुरी. ती मजुरी त्या दोन यंत्रांमधल्या न दिसणाऱ्या फरकावर ठेवायची की नाही, हा प्रश्न घेऊन मी त्या दिवशी काहीही न घेता घरी आले.

या बाबतीत मी एकदा चुकलेली आहे. २०१७च्या मे महिन्यात मी पहिला लॅपटॉप घेतला, तेव्हा असाच आय-५ आणि आय-७ असा पर्याय समोर होता आणि मी फारसा विचार न करता मोठा आकडा निवडला. तो आय-७ ७५००यू होता. त्यात दोन कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, आणि चार थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे. त्याच पिढीतल्या आय-५ ७२००यूमध्येही दोनच कोअर आणि चारच थ्रेड होते. फरक होता तो कमाल वेगात, ३.१ गिगाहर्ट्झच्या जागी ३.५ (एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक अब्ज ठोके), आणि कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या स्मृतीत, तीन एमबीच्या जागी चार. मी घेतल्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, इंटेलने आठव्या पिढीतला आय-५ ८२५०यू जाहीर केला आणि त्यात चार कोअर, आठ थ्रेड होते. माझ्या 'सात'पेक्षा नंतरचा 'पाच' उघडच ताकदवान होता. यात कोणी मला फसवले नव्हते. पाच आणि सात हे आकडे एका पिढीच्या आतल्या पायऱ्या दाखवतात, त्या पिढीबाहेर त्यांची तुलना करता येत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मागाहून लक्षात आले की, नावातली शेवटची अक्षरे आणि मधले अंक त्या पहिल्या ठळक आकड्यापेक्षा जास्त बोलतात. इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीच्या रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू या नावांत एका अंकाचा फरक दिसतो, पण पहिला झेन-२ या जुन्या रचनेवरचा चार कोअरचा आहे आणि दुसरा झेन-३वरचा सहा कोअरचा. खरेदीला जाणाऱ्याने एवढे तरी पाहूनच जावे, असे मला मनापासून वाटते.

मोठ्या आकड्याची ओढ माझ्या पिढीला कशामुळे लागली, तेही मला आता कळते. १९९९ साली मी ज्या डीटीपी केंद्रात काम शिकले, तिथे पेंटियम-३ प्रोसेसरचे ५०० मेगाहर्ट्झचे यंत्र होते. चार वर्षांनी त्याच टेबलावर पेंटियम-४ आला, २.४ गिगाहर्ट्झचा. वेगाचा आकडा जवळजवळ पाचपट झाला आणि जे पान उमटायला आम्ही चहा घेऊन यायचो, ते डोळ्यांदेखत उमटू लागले. नवे यंत्र म्हणजे वेगवान यंत्र, ही आमची अनुभवाने पक्की झालेली समजूत होती आणि त्या काळापुरती ती खरीही होती. आयबीएमचे अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली दाखवून दिले होते की, ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला विजेचा सूक्ष्म स्विच, लहान करत गेले तर त्याला लागणारा व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करता येतो, म्हणून तेवढ्याच जागेत, तेवढ्याच उष्णतेत अधिक वेग मिळतो. ही सवलत २००५च्या सुमारास संपली. व्होल्टेज आणखी खाली नेला की ट्रान्झिस्टर बंद असतानाही वीज गळू लागली. वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावा लागतो, विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. चार गिगाहर्ट्झचा पेंटियम-४ काढण्याचा बेत इंटेलने ऑक्टोबर २००४मध्ये सोडून दिला. त्यानंतर उत्पादकांनी एका कोअरला पळवण्यापेक्षा कोअरची संख्या वाढवण्याचा मार्ग धरला. चार वर्षांत पाचपट हा हिशेब तिथेच थांबला, आमच्या मनातली समजूत मात्र पुढे वीस वर्षे चालत राहिली.

तो २०१७चा लॅपटॉप तीन वर्षांत इतका मंदावला की, मी प्रोसेसर बदलता येईल का हे विचारायला दुरुस्तीवाल्या दादांकडे गेले. त्यांनी मागचे झाकण उघडून माझ्यासमोर धरले. पंख्याच्या पात्यांवर करड्या धुळीचा नमदा बसला होता. तांब्याची चपटी नळी काढल्यावर खाली करंगळीच्या नखाएवढा एक आरशासारखा तुकडा आणि त्याच्या शेजारी त्याहून लहान दुसरा तुकडा दिसला; दोन्हींवरचा, उष्णता नळीकडे पोचवणारा थर्मल पेस्ट वाळून खडूसारखा झाला होता आणि बोट लावताच भुगा होत होता. "हा निघत नाही, ताई. बोर्डालाच सोल्डर केलेला आहे," दादा म्हणाले. पूर्वी काही लॅपटॉपमध्ये प्रोसेसर खाचेत बसवलेला असे आणि बदलता येई. हल्लीच्या पातळ यंत्रांत तो विकत घेतानाच कायमचा ठरतो. मग त्यांनी हार्ड डिस्ककडे बोट दाखवले. "तुमचं दुखणं इथं आहे."

त्यांनी जे सांगितले, त्याचा हिशेब मी घरी येऊन कागदावर केला. ती डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घ्यायची, म्हणजे सेकंदाला नव्वद. हवी ती माहिती डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जातात आणि डोके योग्य पट्ट्यावर नेण्यात त्याहून थोडे जास्त. मिळून पंधरा मिलिसेकंद धरले, तर ३.५ गिगाहर्ट्झने चालणाऱ्या प्रोसेसरचे तेवढ्यात पाच कोटींहून अधिक ठोके पडून गेलेले असतात. एका लहानशा तुकड्यासाठी पाच कोटी ठोक्यांची वाट, आणि यंत्र सुरू होताना असे हजारो तुकडे वाचावे लागतात. प्रोसेसर दुप्पट वेगाचा असता, तर त्याने दहा कोटी ठोके वाट पाहिली असती. आम्ही डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली साठवण, बसवली, रॅम, म्हणजे चालू कामाची स्मृती, चारची आठ जीबी केली, पंखा साफ करून पेस्ट नवा लावला. दोन मिनिटांहून अधिक वेळ घेणारे यंत्र वीस-बावीस सेकंदांत सुरू होऊ लागले आणि पुढची पाच वर्षे मी त्यावर समाधानाने काम केले.

ते समाधान २०२५मध्ये संपले, आणि त्याचेही कारण वेग नव्हते. विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ला थांबणार होती, आणि विंडोज ११ला चालणाऱ्या इंटेल प्रोसेसरांची यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. माझा सातव्या पिढीचा त्यात बसत नव्हता. लेखकांची अप्रकाशित हस्तलिखिते आणि प्रकाशकांचे पैशाचे व्यवहार ज्या यंत्रावर आहेत, ते असे उघडे ठेवणे मला योग्य वाटले नाही. त्यामुळे नवे यंत्र घ्यायचे हे ठरलेलेच होते. प्रश्न उरला तो त्या चौदा हजारांचा.

दुकानातून परत आल्यावर मी एक दोनशे पानी वही घेतली आणि आठवडाभर, यंत्रासाठी जेव्हा जेव्हा थांबावे लागले, तेव्हा तेव्हा घड्याळ लावून ते तिच्यात लिहिले. हे काम कंटाळवाणे आहे, पण ज्याला असा निर्णय घ्यायचा आहे, त्याला मी पहिल्यांदा हेच करायला सांगेन, कारण आपण किती थांबतो आणि कशासाठी थांबतो याचा आपला अंदाज फार चुकीचा असतो. मला वाटत होते की, दिवसाकाठी माझा दीड तास तरी यंत्र खाते. वहीत सरासरी निघाली ३८ मिनिटांची. त्यातली १३ मिनिटे इंटरनेटवरून मोठ्या फाइली चढवण्या-उतरवण्यात जात होती, ११ मिनिटे स्कॅनर आणि प्रिंटर यांच्यापाशी, दोनेक मिनिटे सुरू करणे आणि उघडणे यात. स्कॅनरचा दिवा काचेखालून आपल्याच चालीने सरकतो. त्याला लॅपटॉपमध्ये पाच आहे की सात, याच्याशी काही देणेघेणे नाही. उरलेली १२ मिनिटे तेवढी खरोखर प्रोसेसरची होती. त्यात पीडीएफ तयार होण्याचा वेळ होता आणि सव्वातीनशे पानांच्या पुस्तकाचा समास बदलला की सगळ्या ओळी नव्याने बसण्याचा वेळ होता. ओळी बसत असताना मी टास्क मॅनेजर, म्हणजे प्रोसेसर किती टक्के राबतो हे दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून पाहत असे. आकडा पंचवीस-तीस टक्क्यांपाशी अडकून राहायचा, म्हणजे चारपैकी एकच थ्रेड राबत होता आणि बाकीचे स्वस्थ होते. अशा कामाला दहा कोअर दिले तरी नऊ रिकामे बसणार. जीन अ‍ॅमडाल या संगणक-रचनाकारांनी १९६७ साली मांडलेला नियम हेच सांगतो: कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही, तो एकूण वेगाची मर्यादा ठरवतो. माझ्या दिवसाला तो नियम लावला, तर ३८ मिनिटांतल्या २६ मिनिटांना कोणताही प्रोसेसर हात लावू शकत नव्हता.

आता हिशेब सरळ होता. नव्या यंत्रावर, दोन्हींपैकी कोणतेही घेतले तरी, ती १२ मिनिटे साधारण ६वर येणार होती. आय-५चा कमाल वेग ४.६ गिगाहर्ट्झ, आय-७चा ५.० गिगाहर्ट्झ. दोन्हींत कोअर दहाच, त्यातले दोन मोठे आणि आठ लहान, थ्रेड बारा, कॅश १२ एमबी. म्हणजे फार तर आठ टक्के वेळ वाचला असता, सहा मिनिटांतले जेमतेम अर्धे मिनिट. वर्षाला तीनशे दिवस काम धरले, तर अडीच तासांच्या आत. पाच वर्षांत बारा तास. चौदा हजार भागिले बारा, म्हणजे वाचलेल्या प्रत्येक तासासाठी मी सुमारे १,१७० रुपये मोजणार होते. माझ्या तासाला कोणी तेवढे देत नाही.

या हिशेबात एक गोष्ट येत नाही, आणि ती मला टाळायची नाही. सगळे थांबे सारखे नसतात. पीडीएफला चार मिनिटे लागणार हे माहीत असते, तेव्हा मी उठते, कुंड्यांना पाणी घालते, परत येते. पण शुद्ध केलेला शब्द टाइप केल्यावर परिच्छेद तीन सेकंद गोठतो, तेव्हा मी हलूही शकत नाही आणि पुढेही जाऊ शकत नाही. डोळ्यासमोर धरून ठेवलेले वाक्य तेवढ्यात निसटते, ते पुन्हा वाचावे लागते आणि दिवसात असे शंभर वेळा झाले की संध्याकाळी डोके जड होते. पाच मिनिटांचा हा तुटक वेळ अर्ध्या तासाच्या सलग वेळेपेक्षा महाग आहे. हा थांबा तीन सेकंदांवरून दीडवर येणार असेल, तर त्यासाठी मी आनंदाने पैसे देईन आणि नवे यंत्र घेताना ते दिलेच. दीडवरून एक पूर्णांक चार दशांशावर येण्यासाठी मात्र देणार नाही, कारण तो फरक माझ्या मनाला जाणवणारा नाही.

आणखी एक शंका उरली होती. एका जुन्या वाचनालयाच्या बांधलेल्या अंकांची सुमारे नऊ हजार पाने माझ्याकडे स्कॅन होऊन आली आहेत आणि त्या चित्रांचा मजकूर करून द्यायचा आहे. यासाठी मी टेसरॅक्ट हा चित्रातली अक्षरे ओळखणारा प्रोग्रॅम वापरते. हे काम समास बदलण्याच्या अगदी उलट आहे: प्रत्येक पान स्वतंत्र, त्यामुळे वेगवेगळ्या कोअरना वेगवेगळी पाने वाटून देता येतात. इथे तरी आय-७ कामी येईल, असे वाटून मी साठ पाने पेनड्राइव्हवर घेऊन पुन्हा तापकीर गल्लीत गेले आणि दुकानातल्या मुलाने दोन्ही यंत्रे मला अर्धा तास वापरू दिली. आय-५ने साठ पाने दोन मिनिटे एकेचाळीस सेकंदांत केली, आय-७ने दोन मिनिटे चौतीस सेकंदांत. तळवा खाली लावून पाहिला, तर दोन्ही यंत्रे बिजागरीपाशी सारखीच तापली होती. याचे कारण त्यांच्या तपशिलातच आहे. दोन्हींची मूळ मर्यादा १५ वॉटची आणि झेप घेताना जास्तीत जास्त ५५ वॉटची. पातळ शरीर आणि एक लहान पंखा ५५ वॉटची उष्णता काही सेकंद सोसतात. मग प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो आणि जेवढी उष्णता बाहेर पडू शकते तेवढ्यावर येऊन स्थिरावतो. कमाल वेगाचे ४.६ आणि ५.० हे आकडे पहिल्या झेपेचे आहेत. लांब पल्ल्याच्या कामात दोघे जवळजवळ बरोबरीने चालतात, आणि पुण्यापेक्षा तापलेल्या गावात, नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, हा प्रोसेसर किती गार राहतो यालाच पाच-सातपेक्षा अधिक महत्त्व असणार.

नाशिकचे माझे एक स्नेही कीर्तनांचे चित्रीकरण करतात आणि त्यांची गोष्ट वेगळी आहे. दोन तासांचे कीर्तन, त्याचे रंग, आवाज, अक्षरे, आणि मग अंतिम फाइल तयार होईपर्यंत त्यांचे यंत्र अडकून राहायचे. दिवसात असे दोनदा, कधी तीनदा. त्यांनी वेगवान प्रोसेसर घेतला आणि तो त्यांना पहिल्या हंगामातच फिटला. पण त्यांनी पाचवरून सातवर उडी मारली नाही. त्यांनी एच वर्गातला, म्हणजे जास्त वीज घेणाऱ्या जाड यंत्रांसाठीचा, आय-५ १३५००एच घेतला: बारा कोअर, ४५ वॉट, दोन पंखे आणि हातात जाणवणारे वजन. ज्याला दीर्घकाळ ताकद लागते, त्याने नावातल्या त्या शेवटच्या अक्षराला पैसे द्यावेत. पातळ यंत्रांसाठीच्या यू वर्गातल्या आय-७पेक्षा एच वर्गातला आय-५ त्याला जास्त उपयोगी पडेल.

नऊ हजार पानांच्या त्या हिशेबाने माझे मत कायमचे पक्के केले. साठ पानांमागे सात सेकंद, म्हणजे नऊ हजार पानांमागे साडेसतरा मिनिटे. माझा जुना लॅपटॉपही दर पानाला दहा सेकंद घेऊन ते सगळे काम पंचवीस तासांत करतो, आणि तो ते रात्री करतो, मी झोपलेली असताना. झोपेतली वाट ही वाट नव्हे. त्यानंतर माझे काम सुरू होते, कारण निघालेला मजकूर मूळ पानाशी ताडून पाहावा लागतो. जुन्या छपाईत शिरोरेषा तुटलेल्या असतात, शाई कुठे फिकी तर कुठे सांडलेली असते. 'ध'चा 'घ' होतो, 'भ'चा 'म' होतो. एका पानाला सहा मिनिटे धरली, तर नऊ हजार पानांचे नऊशे तास होतात. यंत्राचे पंचवीस तास आणि माझ्या डोळ्यांचे नऊशे तास एका कागदावर शेजारी शेजारी लिहिल्यावर, पैसे कुठे लावायचे हे वेगळे ठरवावे लागले नाही.

मी आय-५ घेतला. त्यात आठ जीबी रॅमची एक पट्टी होती आणि एक जागा रिकामी होती. अडीच हजारांत दुसरी आठ जीबीची पट्टी बसवली. अशा जोडीने स्मृतीचे दोन्ही मार्ग उघडतात आणि प्रोसेसरमधल्याच चित्रविभागालाही त्याचा फायदा मिळतो. त्या दुकानातला आय-७ही आठच जीबीचा होता, हे इथे नोंदवायला हवे. उरलेल्या पैशांतून चोवीस इंची मॉनिटर आला आणि तरीही काही पैसे राहिले. जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स चढवले असून तो आता आतल्या खोलीत असतो. रात्री त्याचा पंखा ऐकू येतो आणि सकाळी तीन-साडेतीन हजार पानांचा मजकूर तयार असतो.

नव्या पडद्यावर डावीकडे मूळ पान दुप्पट मोठे करून आणि उजवीकडे मजकूर ठेवून मी वाचते. पूर्वी लहान पडद्यावर या दोन खिडक्या एकमेकींवर ठेवून सतत पुढे-मागे कराव्या लागत. परवा एका वाक्यात यंत्राने लिहिले होते, 'पाहुणे सायंकाळच्या गाडीने खाना झाले.' डावीकडे पाहिले. 'र'च्या शेपटीत आणि 'व'च्या पोटात केसाएवढी फट होती, शाईने जवळजवळ बुजलेली. मी 'रवाना' केले आणि पुढची ओळ घेतली.